डॉ. रखमाबाई आणि दवाखान्याची दुसरी खेप

वाचकहो, आज एक काम करा. देव्हाऱ्यामागे, रेशनकार्डाच्या पिशवीत, नाहीतर पेटीत लुगड्याच्या घडीखाली एखादी चिठ्ठी पडून आहे का ते बघा. गावात तपासणीचे शिबिर झाले होते. नर्सबाईंनी घरातल्या बाईला तपासले होते आणि पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जावे, असे लिहून दिले होते. तेवढ्यात सोयाबीनची काढणी आली. मग दिवाळी आली, मग लेकीचं बाळंतपण निघालं. दुखत तर काहीच नव्हतं. चिठ्ठी जिथल्या तिथे राहिली.

असे एखाद्याच घरात होते असे समजू नका. आपल्या नांदेड-लातूरकडच्या खेड्यापाड्यांत बायांच्या दुखण्याची हीच चाल आहे. पहिली खेप कशीबशी होते. दुसरी खेप राहून जाते. आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग असो की स्तनाचा, जीव वाचायचा तो दुसऱ्या खेपेतच वाचतो.

या दुसऱ्या खेपेविषयीच आज लिहायचे आहे. पण त्यासाठी आधी एका बाईचे चरित्र सांगतो. ती आपल्या भागातली नव्हे. मुंबईत जन्मली, सुरत आणि राजकोटला राबली, आणि तिला जाऊन आता सत्तर वर्षे होऊन गेली. नाव डॉ. रखमाबाई. तिच्यावर 2016 साली मराठीत सिनेमाही निघाला, म्हणून नाव अनेकांच्या कानावर असेल. कोर्टातला तिचा खटला लोकांना ठाऊक आहे. खटल्यानंतर तिने पस्तीस वर्षे दवाखान्यात काय केले, ते मात्र कमी सांगितले जाते.

अकरा वर्षांची नवरी

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा. घर सुतार समाजातले, खाऊनपिऊन सुखी. वडील जनार्दन पांडुरंग ही पोर लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तेव्हा स्वतःच पोरसवदा होत्या. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी बाळंतपण आणि सतराव्या वर्षी कपाळ पांढरे, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या समाजात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली निघाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

एवढे शिकलेले घर, तरी मुलीचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला. बोली अशी झाली की जावयाने सासरच्याच घरी राहायचे, शिकायचे आणि कर्तासवरता व्हायचे. जावई काही शिकला नाही. शाळा सोडली, मामाच्या घरी जाऊन राहिला, अंगावर कर्ज करून बसला.

इकडे मुलगी वयात आली. त्या काळी मुलगी वयात आली की लगेच तिला नवऱ्याकडे पोचती करायची, हीच रीत. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या अंगावर बाळंतपण लादले की काय होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी मुलीला पाठवले नाही. ती घरीच राहिली आणि मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागली. शाळा सुटली होती, वाचन सुटले नाही.

कोर्टाची पायरी

1884 साली दादाजींनी वकिलामार्फत कागद धाडला, की माझी बायको माझ्या घरी नांदायला पाठवा. रखमाबाई तोवर वीस वर्षांच्या जवळ आल्या होत्या. त्यांनी नकार दिला. हे लग्न माझ्या मर्जीने झालेले नाही आणि या माणसाबरोबर मी राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले.

सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. न कळत्या वयात लग्न लावलेल्या मुलीला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरात ढकलता येणार नाही, असा त्या निकालाचा मतलब. त्यावर देशभर गदारोळ उठला. टिळकांच्या केसरीने रखमाबाईंवर टीका केली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू बाईने टोपणनावाने लिहिलेली पत्रे छापून आली. बालविवाहाने बायांच्या आयुष्याचे काय होते ते त्यांत लिहिले होते. ती पत्रे रखमाबाईंचीच होती, हे मागाहून लोकांना कळले.

दुःख असे की पाठीराखे सखाराम अर्जुन 1885 सालीच वारले. पुढची लढाई मायलेकींनाच लढायची होती. दादाजींनी अपील केले आणि 1886 साली पहिला निकाल फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. नांदायला जाण्याची दाखवली नाही.

शेवटी जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि दादाजींनी आपला दावा सोडला. त्या वेळी दोन हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे. या खटल्यामुळे संमतीवयाच्या चर्चेला जोर चढला आणि 1891 च्या कायद्याने मुलीचे संमतीवय दहावरून बारा झाले. आज आपल्याला बारा हे वयही अंगावर काटा आणते. पण त्या बारासाठीसुद्धा केवढे रान उठले होते!

तुम्ही म्हणाल, या कोर्टकचेरीचा आणि आमच्या पेटीतल्या चिठ्ठीचा काय संबंध? संबंध आहे. रखमाबाईंचे भांडण मुळात एवढेच होते, की बाईच्या अंगाचा निर्णय तिला न विचारता दुसऱ्यांनी घेऊ नये. आज आपल्या घरात बाईने दवाखान्यात कधी जायचे हे कोण ठरवते? भाड्याचे पैसे कोणाच्या खिशात असतात? मालक कामावरून आल्यावर विचारू, सासूबाईंना पटलं तर जाऊ, पोरगा सुट्टीला आला की त्याच्यासंगं जाऊ. कोर्टाचा हुकूम नाही, पण अडवणूक तीच आहे.

आणि उलटेही घडते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांची 2019 साली पाहणी झाली. सुमारे 82 हजार बायांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवी ठेवली तर कर्करोग होईल, अशी भीती घातल्याचे अनेक बायांनी सांगितले. बाईने नीट तपासणी करून घ्यावी, दुखणे काय आहे ते समजून घ्यावे आणि मग उपचार ठरावा, हा सरळ रस्ता. तो रस्ता सापडला नाही की एकीकडे चिठ्ठी पेटीत पडते आणि दुसरीकडे नको असलेले ऑपरेशन होऊन बसते. बाईला विचारायचे, समजावायचे राहते ते दोन्हीकडे.

सातासमुद्रापार

खटल्यातून मोकळ्या झाल्यावर रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. मुंबईत बायांसाठीचे कामा हॉस्पिटल 1886 साली सुरू झाले होते. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, लोकांकडून मदत उभी केली. 1889 साली रखमाबाई विलायतेला गेल्या आणि लंडनच्या बायांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन आल्या, पण दवाखाना थाटण्याआधीच 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. ते सगळ्यांच्या मनात ताजे होते. बाईने समुद्र ओलांडला की तिचे असेच होते, असे म्हणणारेही कमी नव्हते.

रखमाबाई 1894 साली डॉक्टर होऊन परतल्या. 1895 साली सुरतेला बायांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. डॉक्टरकी प्रत्यक्ष करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही बायांत त्यांचे नाव घेतात.

सुरतेचा दवाखाना

आता नीट ऐका, कारण आपल्या कामाची गोष्ट इथे आहे.

दवाखाना होता, डॉक्टरीणबाई होत्या, औषधे होती. बाया येत नव्हत्या. दवाखाना म्हणजे मरायची जागा, अशी लोकांची समजूत. एखादी बाळंतीण तिथे दगावली की गावभर बोभाटा होई आणि पुढे कित्येक दिवस कोणी फिरकत नसे. घरी अंधाऱ्या खोलीत, मळक्या चिंध्यांवर बाळंतपण चाले. त्यात किती बाया जात, त्याचा बोभाटा मात्र होत नसे.

रखमाबाईंची एक आठवण सांगतात. दवाखान्यात बाळंतपणाला कोणी येईना, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली. ती तिथे सुखरूप व्याली. शेळी जगली, करडू जगले. मग बाया हळूहळू येऊ लागल्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यातली अक्कल सांगावी लागत नाही. आपला माणूस भाषणाने पटत नाही, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने पटतो.

यातून घ्यायचे ते एवढेच. बाया अडाणी आहेत, ऐकत नाहीत, असे म्हणून रखमाबाई गप्प बसल्या नाहीत. बाई येत नसेल तर दवाखान्यानेच काहीतरी बदलले पाहिजे, असे त्यांनी मानले. आज शिबिरात तपासलेली बाई पुढे आली नाही की आपण लगेच तिलाच दोष देऊन मोकळे होतो. ती का आली नाही, हे विचारायला मात्र कोणी तिच्या घरी जात नाही.

1904 साली दादाजी वारले. ज्या नवऱ्याकडे जायला त्यांनी साफ नकार दिला होता, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष घेतला, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. यावर पुष्कळांनी पुष्कळ तर्क केले. आपण तर्क करू नये. लोकांत राहून काम करायचे तर लोकांच्या काही रीती पाळाव्या लागतात, हे गावात राहणाऱ्याला चांगले ठाऊक आहे.

1918 साली त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलला गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. जनाना म्हणजे फक्त बायांचे, पडदानशीन बाईलाही जिथे येता यावे असे. 1929 साली त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध लेख लिहिला. म्हणजे पडद्यातल्या बायांसाठी पडद्याचा दवाखाना चालवायचा आणि पडदा जावा म्हणून लिहायचे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. समाज सुधारेल तेव्हा सुधारेल, आज आजारी असलेल्या बाईला आज उपचार मिळाला पाहिजे.

चिठ्ठीवर काय लिहिले असते

आता आपल्या चिठ्ठीकडे येऊ. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड अशी तपासणी करायची असते. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी साधी आहे. नर्सबाई तिथे पातळ व्हिनेगर, म्हणजे शिरका लावतात आणि मिनिटभराने बघतात. जागा पांढरी दिसली तर पुढे पाठवतात. यात कापाकापी नाही, टाका नाही, फार वेळही नाही.

पांढरी जागा दिसली म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. पुष्कळदा ती साधी सूज असते. कधीकधी तिथल्या पेशी बिघडायला लागलेल्या असतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीसारख्या यंत्रातून ती जागा मोठी करून बघतात. तिला कॉल्पोस्कोपी म्हणतात. संशय वाटला तर कणभर तुकडा तपासायला काढतात. बिघाड निघाला तर ती जागा गोठवून किंवा शेकून नाहीशी करता येते. बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी येते. गर्भपिशवी जागच्या जागी राहते. पुढे सांगितलेल्या मुदतीने पुन्हा दाखवायचे असते.

बघा, यात किती खेपा झाल्या. एक तपासणीची, एक दुर्बिणीची, एक तुकड्याच्या रिपोर्टाची, एक उपचाराची आणि वर्षभराने पुन्हा एक. किनवट-माहूरकडच्या बाईला नांदेड शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, सोबतीच्या माणसाचीही गेली. तिथे गेल्यावर पाळी आलेली असली तर तपासणी पुढे जाते. रिपोर्ट त्या दिवशी मिळत नाही. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर अर्ध्या बाया दारातूनच फिरतात. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला गेलेली बाई तर थेट उन्हाळ्यात गावाकडे येते. तोवर चिठ्ठीवरची शाईही उडालेली असते.

शेजारच्याच जिल्ह्यातला धडा

वाचकहो, या विषयावरचे जगभर गाजलेले काम आपल्या शेजारी झाले आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. लातूर जिल्हा 1982 साली ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून निघाला, त्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यांत 1999 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, गावांचे 52 गट. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत शिरका लावून. एका भागातल्या बायांना फक्त माहिती दिली आणि तपासणी कुठे मिळते ते सांगितले.

2009 साली निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या गटातल्या सुमारे 34 हजार बायांत या रोगाने 34 जणी गेल्या. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत 64 जणी गेल्या. एकदाच शिरका लावून बघितलेल्या गटात मात्र मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. मग शिरक्याची तपासणी वाया म्हणायची का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायांवर काम केले. तिथे आरोग्य सेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केली. 2014 साली निकाल आला, की मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एका दिवसाच्या शिबिराने फोटो निघतो, जीव वाचतो तो पुन्हा पुन्हा जाण्याने आणि शेवटपर्यंत पाठपुरावा केल्याने.

या अभ्यासांतल्या एका भागातल्या बायांना तपासणीविना ठेवणे बरोबर होते का, असा प्रश्न पुढे डॉक्टर मंडळींतूनच विचारला गेला. तो प्रश्न विसरता कामा नये. आज जगाला जे ज्ञान मिळाले आहे, त्याची किंमत आपल्याकडच्या खेड्यातल्या बायांनीही मोजली आहे. त्या ज्ञानाचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना मिळालाच पाहिजे. प्रत्यक्षात काय आहे? 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायांपैकी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या बाया शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. हे पहिल्या खेपेचे. दुसरीचे तर विचारूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली तीन आकडे ठरवून दिले. शंभरातल्या 90 मुलींना लस, 70 बायांची तपासणी, आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांतल्या 90 जणींना उपचार. आपल्याकडे शिबिरांची मोजणी होते, तपासलेल्या बायांची मोजणी होते. तिसरा आकडा गावाच्या भिंतीवर लिहिलेला तुम्ही कधी पाहिला आहे का?

आता करायचे काय

आपल्या भागात मोठे सरकारी दवाखाने नाहीत असे नाही. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या उपचाराला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. हीच योजना 2012 साली राजीव गांधी योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. एसटीत 2023 पासून बायांना अर्धे तिकीट आहे. दवाखाना आहे, योजना आहे, गाडी आहे. बाई आणि दवाखाना यांच्यामधली शेवटची वीत तेवढी कोणी जोडलेली नाही.

ती जोडायला फार पैसा लागत नाही. आरोग्य केंद्रात एक वही हवी. तिच्यात तपासलेल्या बायांपेक्षा पुढे न गेलेल्या बायांची नावे आधी लिहावीत, आणि ती वही कपाटात कुलपात राहावी. बाईचे दुखणे गावच्या चावडीवर जाता कामा नये. आशाताईंनी त्या वहीवरून पंधरा दिवसांत घरी जाऊन चौकशी करावी. मोठ्या दवाखान्यात ठरलेला एक वार असावा, त्या दिवशी बाई डॉक्टर असाव्यात आणि आठ-दहा जणींनी मिळून जावे. एकटीला जी भीती वाटते ती दहाजणींत वाटत नाही. शक्य असेल तिथे बघणे आणि उपचार एकाच खेपेत व्हावा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची तपासणी पोळ्याच्या आत उरकावी, म्हणजे गाड्या निघायच्या आधी पुढचा उपचार होतो. रिपोर्टासाठी नव्वद किलोमीटर बोलावण्यापेक्षा तो आरोग्य केंद्रात पाठवावा. हे ग्रामसभेत मागा. रस्ता-गटार मागतो तसे हे मागा.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना एक सांगणे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले, संबंधानंतर रक्त दिसले, घाण वासाचे पांढरे जाऊ लागले, किंवा छातीत न दुखणारी गाठ हाताला लागली, तर बाई आधी लपवते. तिला विचारा. चिडून विचारू नका. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जनावराच्या डॉक्टरकडे नेतो. बाईच्या वेळी काढणी होऊ दे म्हणतो. हे आपलेच आपल्याशी बोलायचे बोलणे आहे, म्हणून लिहिले.

शेवटी

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईत राहिल्या. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदी पार केल्यावर, त्यांचे निधन झाले. फुप्फुसाचा कर्करोग झाला होता, असे नोंदलेले आहे. ज्या पोरीला कोर्टाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हणून सांगितले, तिने आपले सगळे उमेदीचे आयुष्य परक्या बायांना दवाखान्याचा उंबरा ओलांडायला लावण्यात घालवले. सुरतेत तिने शेळीपासून सुरुवात केली होती. आपल्याला एका चिठ्ठीपासून करायची आहे.

तर वाचकहो, पेपर खाली ठेवा आणि ती चिठ्ठी शोधा. तारीख उलटून गेली असली तरी चालेल. जुनी चिठ्ठी घेऊन गेलात म्हणून कोणी परत पाठवू नये, आणि पाठवलेच तर पुन्हा जा. सांगणारी आई असेल, बहीण असेल, बायको असेल. या आठवड्यात तिच्यासोबत एक माणूस आणि तिच्या हातात भाड्याचे पैसे द्या. जायचे की नाही ते तिला विचारा, आणि ती हो म्हणाली की काढणीचे कारण पुढे करू नका.